डिझेल गेल्यावर बोट कशावर? कोकण किनाऱ्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जहाजांच्या इंजिनरूममध्ये पंचवीसेक वर्षं घाम गाळून मी वाशिष्ठीच्या खाडीकाठी गावी परतलो. तेव्हापासून जेटीवर, लग्नाच्या पंगतीत, बर्फाच्या कारखान्याच्या दारात मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारले जातात. एकदाच लिहून टाकावं म्हणून हे पान. प्रश्न लोकांचे आहेत आणि त्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

डिझेलला पर्याय कोणता? एकच नाव सांगा.

एकच नाव नाही. उलट मीच तीन गोष्टी विचारतो: बोट किती लांब जाणार, परत कुठे येणार, आणि मध्येच इंधन संपलं तर मदतीला कोण येणार? दाभोळ–धोपावे फेरीबोट दहाएक मिनिटांत पलीकडे लागते आणि रोज रात्री ठरलेल्या जेटीलाच बांधली जाते. हर्णैचा ट्रॉलर चार-पाच दिवस बाहेर असतो. जयगडला कोळसा घेऊन येणारं जहाज आठवडे-आठवडे जमीन पाहत नाही. या तिघांना एकच पुडी बांधून देणारा वैद्य भोंदू समजावा.

रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या आल्या, मग मासेमारीच्या बोटीला बॅटरी का बसवत नाहीत?

हिशोब करून बघू. एक लिटर डिझेल इंजिनात जळलं की बोटीच्या पंख्यापर्यंत (प्रोपेलर) साधारण साडेतीन युनिट, म्हणजे विजेच्या मीटरवरचीच युनिटं, काम पोचतं, बाकीची उष्णता धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून जाते. ट्रॉलरच्या एका फेरीला १,००० लिटर डिझेल धरा. म्हणजे ३,५०० युनिट लागले. बोटीवर बसणाऱ्या बॅटरीचा सांगाडा, कूलिंग वगैरे धरलं तर एका टनात जेमतेम १०० युनिट मावतात. म्हणजे ३५ टन बॅटरी. तेवढ्याच कामाचं डिझेल साडेआठशे किलो भरतं! आता बर्फ कुठे ठेवायचा, म्हावरं कुठे भरायचं आणि खलाशांनी कुठे झोपायचं?

मोठ्या जहाजाची गोष्ट याहून अवघड. मध्यम आकाराचं बल्क कॅरिअर, म्हणजे कोळशासारखा सुटा माल नेणारं जहाज, दिवसाला तीसेक टन इंधन जाळतं. वीस दिवसांच्या सफरीला त्याला ३०,००० टनांवर बॅटरी लागेल, म्हणजे जवळजवळ अर्धं जहाज बॅटरीच वाहत बसेल.

मग फेरीबोटीला तरी बॅटरी चालेल का?

चालेल. माझ्या मते कोकणात सुरुवात व्हायला हवी ती इथूनच. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेश्वी–बागमांडले, आगरदांडा–दिघी या सगळ्या फेऱ्या छोट्या, वेळापत्रकाच्या आणि ठरलेल्या दोन टोकांमधल्या. समजा, फेरीबोट खाडी ओलांडताना १५० किलोवॅट ताकद दहा मिनिटं वापरते. झाले २५ युनिट. दिवसात तीस खेपा केल्या तर ७५० युनिट. अख्ख्या दिवसाची बॅटरी एकदम घेतली तर साडेसात टन, म्हणजे माल भरलेल्या एका मध्यम ट्रकपेक्षाही कमी वजन. गाड्या चढ-उतार करताना थोडं थोडं चार्जिंग केलं तर बॅटरी आणखी लहान चालते.

हे काही कागदावरचं स्वप्न नाही. नॉर्वेत 'अँपिअर' ही इलेक्ट्रिक फेरीबोट २०१५ पासून चालते. ती १२० गाड्या घेऊन वीसेक मिनिटांत फ्योर्ड (डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी) ओलांडते आणि तिच्या पोटात साधारण १,००० युनिटची बॅटरी आहे. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. तिथल्या दोन्ही काठांवर छोटी खेडी, वीजवाहिन्या अशक्त. बोट लागल्यावर एकदम वीज ओढली तर गावाचे दिवे मिणमिणतील. म्हणून त्यांनी धक्क्यावरही बॅटऱ्या ठेवल्या. त्या दिवसभर सावकाश भरतात आणि बोट आली की दहाएक मिनिटांत तिला देतात. आपल्याकडे हीच युक्ती लागेल, कारण आपल्या जेटीकडे येणारी वीजवाहिनी आंब्याच्या बागांतून वाकडीतिकडी येते आणि पहिल्या वळवाच्या सरीला मान टाकते.

दुसरी अडचण भरती-ओहोटीची. उधाणाच्या मोठ्या भरतीला आणि भांगाच्या लहान भरतीला पाण्याची पातळी वेगळी, त्यामुळे बोटीचं तोंड रॅम्पवर रोज वेगळ्या उंचीवर टेकतं. चार्जिंगचा हात ती दोन-तीन मीटरची चढउतार सांभाळणारा हवा. तिसरी अडचण वादळाची. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. म्हणून बोटीवर लहान डिझेल जनरेटर राहू द्यावा. कोचीच्या वॉटर मेट्रोच्या बोटी एप्रिल २०२३ पासून बॅटरीवर चालतात, पण त्यांच्यातही जनरेटर आहेच. यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. आपले आजोबाही इंजिन बसवल्यावर बरीच वर्षं शीड गुंडाळून बोटीत ठेवत होते.

पण वीज कोळशाचीच ना? धूर इथला तिथे गेला, एवढंच!

अर्धं खरं आहे. महाराष्ट्राच्या विजेत कोळशाचा वाटा अजून मोठा आहे आणि खुद्द जयगडला कोळशावरचं १,२०० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे. तरी इलेक्ट्रिक मोटर नव्वद टक्क्यांवर कार्यक्षम असते, खाडीत तेलाचा तवंग येत नाही आणि वीज जसजशी स्वच्छ होईल तसतशी तीच बोट आपोआप स्वच्छ होते. डिझेल इंजिनाला हे साधत नाही.

शिवाय दाभोळच्या बाबतीत एक गंमत आहे. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं, १,९६० मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पात वीज करतं आणि मग वाशिष्ठीत सोडलं जातं. तेच पाणी चिपळूणवरून खाली येत दाभोळच्या फेरीबोटीखालून समुद्राला मिळतं. वीज करून आलेल्या पाण्यावरून बोट चालते, ती मात्र डिझेलवर.

छपरावर सोलर लावलं तर फुकटात बोट चालेल?

शांत पाण्यात, सावकाश, थोड्या अंतरासाठी चालेल. केरळात वैकमजवळ 'आदित्य' नावाची ७५ आसनांची सोलर बोट जानेवारी २०१७ पासून प्रवासी नेते. तिच्या छपरावर २० किलोवॅटची पॅनेलं आहेत आणि घाटावर मिळणारी वीज जोडीला आहे. पण ते बॅकवॉटर, ताटातल्या पाण्यासारखं. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, ओहोटीचा ओढ आणि समोरून येणारी लाट तिथे एकमेकांना भिडतात. तिथे राखीव ताकद लागतेच.

मासेमारीच्या बोटीचं गणित सोपं आहे. केबिनवर फार तर वीस चौरस मीटर जागा, भर दुपारी एका चौरस मीटरमागे २०० वॅट, म्हणजे चार किलोवॅट. इंजिन १०० हॉर्सपॉवरचं म्हणजे ७५ किलोवॅटचं. सोलरवर पंखा फिरणार नाही, पण दिवे, वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडर आणि मोबाइल यांचा खर्च नक्की निघेल. नुसत्या दिव्यांसाठी रात्रभर मशीन चालू ठेवणाऱ्यांनी एवढं तरी करावं. मात्र पॅनेलाची चौकट आणि नटबोल्ट समुद्री दर्जाचे घ्या. एका खाडीत पर्यटनासाठी आणलेली सोलर होडी मी दोन पावसाळ्यांत भंगार झालेली पाहिली. पॅनेल धडधाकट होतं, दोनशे रुपयांच्या जोडणीला गंज चढला होता आणि ती बदलायला कोणाला सांगायचं हेच ठरलेलं नव्हतं.

आपल्याकडे उंडी आहे, करंज आहे. त्याचं तेल का घालत नाहीत?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबेल. उंडीच्या लाकडाच्या होड्या आणि उंडीच्या बियांच्या कडू तेलाचे दिवे हे कोकणाला नवं नाही. बीच्या गरात निम्म्याहून जास्त तेल असतं. झाड समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, वाळूत वाढतं आणि शेतजमीन अडवत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठातही त्यावर काम झालंय.

पण घाण्यावरून काढलेलं तेल सरळ टाकीत ओतलंत तर नोझलवर राळ बसेल आणि मेकॅनिक तुमच्या पिढ्यांचा उद्धार करील. उंडीच्या तेलात आम्ल आणि चीक फार. आधी ते स्वच्छ करायचं, मग मिथेनॉल आणि अल्कलीबरोबर प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढायचं, तेव्हा कुठे बायोडिझेल होतं. ते डिझेलात मिसळून चालतं, मोठ्या जहाजांवरही बायोडिझेलाचं मिश्रण सर्रास वापरलं जातं.

आमच्या हवेत त्याचा एक दुर्गुण मात्र ठळक दिसतो. बायोडिझेल पाणी ओढून घेतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी शाकारलेल्या, हवेत ओल, टाकी अर्धी रिकामी. त्या ओलीत जंतू वाढतात आणि नारळी पौर्णिमेनंतर मशीन सुरू केलं की फिल्टरमध्ये शेवाळासारखा लगदा मिळतो. तेव्हा बंदीच्या आधी टाकी साध्या डिझेलवर आणा, गच्च भरा आणि हंगामाच्या सुरुवातीला तळाचं पाणी काढा. जुन्या रबरी नळ्याही बदला, बायोडिझेल त्यांना फुगवतं.

काजूबद्दलही विचारतात. काजूच्या टरफलाचं तेल युरोपात जहाजांच्या इंधनात मिसळून विकलं गेलं, कारण ते टाकाऊ मालापासून येतं आणि स्वस्त पडतं. पण ते हाताला लागलं की कातडी सोलते, हे वेंगुर्ल्याच्या कारखान्यातल्या कोणत्याही बाईला विचारा. इंजिनाच्या पंपालाही ते तसंच बाधलं. पंप अडकले, गाळ साचला, धातू गंजला. २०२४ च्या सुमारास इंधन तपासणाऱ्या प्रयोगशाळांना त्याबद्दल इशारे द्यावे लागले. शुद्धीकरण करून ते सुधारता येतं, पण कच्चं तेल लाकडाला लावायलाच बरं.

शिडाची जहाजं परत येणार म्हणतात, ते खरं का?

येणार काय, आलीत. पण तुमच्या डोळ्यांसमोर येणाऱ्या गलबतासारखी नव्हेत. 'पिक्सिस ओशन' या मालवाहू जहाजावर २०२३ मध्ये ३७.५ मीटर उंचीची, विमानाच्या पंखासारखी दोन कडक शिडं बसवली. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी तीन टन इंधन वाचलं. वर सांगितलेल्या तीस टनांशी ताडून पाहा. म्हणजे एक दशांश, आणि तेही वाऱ्याकडून, बिल न येता.

दुसरा प्रकार फिरत्या खांबांचा. डेकवर उभा गोल खांब मोटरने गरगर फिरवतात. फिरकी टाकलेला चेंडू हवेत एका बाजूला सरकतो, त्याच नियमाने वारा त्या खांबाला आणि खांब जहाजाला पुढे ढकलतो. अँटन फ्लेटनर या जर्मन माणसाने १९२४ मध्ये 'बुकाऊ' जहाजावर हे करून दाखवलं होतं. तेल स्वस्त झालं आणि लोक विसरले. तेल महागलं, आता आठवण झाली.

आणि वाऱ्याआधी पाणी. चिपळूणच्या गोवळकोट बंदरात माल नेणारे मचवे भरतीबरोबर वर चढायचे आणि ओहोटीबरोबर दाभोळला उतरायचे. तांडेलाला (बोट हाकणाऱ्याला) फक्त तिथी माहीत असावी लागे.

एलएनजी तर दाभोळलाच उतरतो. तोच वापरा ना!

उतरतो, पण एलएनजी म्हणजे थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू, तो उणे १६२ अंशांवर द्रवरूपात येतो, परत वायू करून पाइपलाइनने निघून जातो. त्याला थर्माससारखी टाकी लागते, ती लहान बोटीला झेपत नाही. मोठ्या जहाजांत एलएनजी भरपूर चालतो. धूर स्वच्छ, गंधक जवळजवळ शून्य, कार्बन डायऑक्साइड वीस-पंचवीस टक्के कमी. मग अडतं कुठे? न जळलेला थोडा मिथेन इंजिनातून निसटतो. वीस वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींच्या आसपास हवा तापवतो. थोडी गळती झाली तरी कमावलेलं सगळं गेलं. इंजिनाच्या जातीप्रमाणे ही गळती कमी-जास्त असते, त्यामुळे 'एलएनजी चांगला की वाईट' याचं उत्तर इंजिन पाहून द्यावं लागतं.

मिथेनॉल आणि अमोनिया, दोन्ही विष. जहाजावर कसं नेणार?

विष आहे हे खरंच. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉलच होतं. त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही. तरी जहाजवाल्यांना ते आवडतं, कारण साध्या तापमानाला द्रव राहतं आणि जुन्या टाकीत थोडे बदल करून भरता येतं. 'स्टेना जर्मेनिका' ही फेरीबोट २०१५ मध्ये मिथेनॉलवर आली, 'लॉरा मर्स्क' हे कंटेनर जहाज २०२३ मध्ये. डिझेलच्या मानाने जागा अडीचपट लागते.

अमोनियाची ओळख करून द्यायला नको. बर्फाच्या कारखान्यात गळती झाली की कोण कसं पळतं हे आपण पाहिलंय. अलिबागजवळ थळला आरसीएफच्या खत कारखान्यात तो कित्येक वर्षं बनतोय. त्याच्यात कार्बनच नाही, हे त्याचं मोठेपण. पण पेटायला आळशी आहे, म्हणून सोबत थोडं डिझेल लागतं, आणि नीट जळला नाही तर नायट्रस ऑक्साइड निघतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेहून जास्त पटींनी तापवतो.

आणि दोन्हींबद्दल एकच प्रश्न विचारायचा: बनवलं कशापासून? नैसर्गिक वायूपासून केलेला अमोनिया जहाजात जाळला, तर जहाजाचं धुराडं जमिनीवरच्या कारखान्यात नेलं, एवढंच.

हायड्रोजन?

लहान अंतरासाठी प्रयोग चालू आहेत. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या, वाराणसीसाठीच्या ५० आसनी हायड्रोजन बोटीचं फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकार्पण झालं. नॉर्वेची 'हायड्रा' उणे २५३ अंशांवरच्या द्रव हायड्रोजनवर चालते, पण तो हायड्रोजन सुरुवातीला जर्मनीहून टँकरने आणावा लागला. १०० युनिट वीज बॅटरीत भरली तर पंख्यापर्यंत ऐंशीएक पोचतात. त्याच विजेचा हायड्रोजन केला तर तीस-पस्तीस. जिथे बॅटरी पुरते तिथे हायड्रोजनच्या मागे लागू नये.

हे सांडलं तर म्हावऱ्याचं काय?

मे-जूनमध्ये आपल्या पुळणीवर डांबराच्या गोळ्या येऊन पडतात, त्या जड तेलाच्या. नवीन इंधनं असं चिकटून राहत नाहीत. मिथेनॉल पाण्यात विरघळून लवकर मोडतं. बायोडिझेलही कुजतं, पण तवंग धरतंच. अमोनियाला मी घाबरतो. भर समुद्रात तो पातळ होईल, पण बंद खाडीत थोडा जरी गेला तरी मासे पोट वर करून तरंगतील. तिवरांच्या खाडीत अमोनिया भरायची सोय कोणी सुचवली तर ग्रामसभेत मी विरोधात उभा असेन.

बॅटरीला आग लागते म्हणे?

लागू शकते. नॉर्वेतल्याच एका फेरीबोटीच्या बॅटरीखोलीत ऑक्टोबर २०१९ मध्ये कूलिंगचं पाणी गळून आग लागली आणि दुसऱ्या दिवशी स्फोट झाला. म्हणून बॅटरीखोली वेगळी, हवेशीर आणि खाऱ्या पाण्यापासून बंद हवी. जातीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) घ्या. ती वजनाला थोडी जास्त भरते, पण तिचं डोकं शांत असतं.

ते सगळं राहू दे. माझी बोट आहे तीच राहणार. मी काय करू?

हे बरं विचारलंत. एक, वेग. चालीला दहा टक्के कमी केलंत तर मशीनवरचा भार २७ टक्क्यांनी उतरतो. वेळ थोडा जास्त लागतो तो धरूनही तेवढ्याच अंतराला १९ टक्के डिझेल वाचतं. जाळं ओढताना हे लागू नाही, जाता-येताना लागू आहे. लिलावाला पहिलं पोचायची शर्यत लागते हे मला ठाऊक आहे. पण त्या अर्ध्या तासात भाव किती वाढला आणि डिझेल किती गेलं, हे एकदा वहीत मांडून बघा.

दोन, तळ. शेवाळ आणि शिंपल्यांचं कवच चढलेली बोट म्हणजे ओलं गोणपाट ओढणं. बंदीत बोट वर घेतली की खरवडून रंग द्याच, पण हंगामाच्या मध्यावर एकदा सुकतीला (ओहोटीत कोरड्यावर) लावून तळ घासला तरी फरक पडतो. पंख्याचं पातं वाकलेलं असेल तर ते आधी.

तीन, लहान होड्या. तारकर्ली-देवबागला पर्यटकांना कर्लीच्या खाडीत फिरवणाऱ्यांनी इलेक्ट्रिक आउटबोर्डचा विचार जरूर करावा. फेरी छोटी, पाणी शांत, आणि धुराचा वास नसला की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं.

आणि डिझेलवरचा परतावा विसरू नका. सोसायटीमार्फत विक्रीकर परत मिळतो म्हणून नाखव्याला डिझेल पंपावरच्या भावापेक्षा स्वस्त पडतं. कुठलाही विक्रेता बचतीचा तक्ता दाखवील तेव्हा त्यात पंपावरचा भाव धरलाय की परताव्यानंतरचा, हे पहिलं विचारा. बहुतेकांचा तक्ता तिथेच कोसळतो.

जहाजांवर इंधन बदलायची ही सक्ती कोण करतंय?

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये ठरवलं की २०५० च्या सुमारास जहाजांचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं. जगाच्या उत्सर्जनात जहाजांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. त्यासाठी पैसे आकारण्याची योजना एप्रिल २०२५ मध्ये मंजुरीपर्यंत आली आणि ऑक्टोबरमध्ये मतदानाने वर्षभर पुढे ढकलली गेली. युरोप मात्र थांबलेला नाही. २०२४ पासून तिथे जाणाऱ्या मोठ्या जहाजांना कार्बनचे पैसे मोजावे लागतात. न्हावा-शेवाहून युरोपला निघालेल्या जहाजालाही ते चुकत नाही. खाडीतल्या तुमच्या होडीला यातलं काहीही लागू नाही.

बंदरात उभ्या जहाजाला किनाऱ्यावरची वीज देता येत नाही का?

येते, पण आपली वीज ५० हर्ट्झची आणि बहुतेक जहाजं ६० हर्ट्झची. मध्ये महागडा परिवर्तक लागतो.

मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. त्याने काय शिकावं?

आयजीएफ कोडचं (वायू आणि चटकन पेटणाऱ्या इंधनांवरच्या जहाजांची नियमावली) प्रशिक्षण, आधी बेसिक, मग ॲडव्हान्स्ड. एलएनजी किंवा मिथेनॉलवरच्या जहाजावर चढायला ते लागतंच. इंजिनिअर असेल तर हाय व्होल्टेजचाही कोर्स करावा. आमच्या वेळी चांगला इंजिनिअर कानाने मशीन ओळखायचा. आता त्याला स्क्रीनही वाचता यायला हवी.

अणुशक्तीवर?

रशियाचे बर्फफोडे चालतात. मालवाहू जहाजांना बंदरं आत घेताना कां-कूं करतात. जैतापूरच्या प्रकल्पाभोवती काय काय झालं ते पाहिलेल्या माणसाला कारण समजावून सांगायला नको.

इलेक्ट्रिक बोटीला आवाज नसतो. मग पलीकडून तर (फेरीबोट) सुटली हे आम्हाला कळणार कसं?

हे एका आजींनी विचारलं. त्या घरातून मशीनची घरघर ऐकून चपला घालतात आणि बोट लागेपर्यंत बरोबर जेटीवर पोचतात. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तांडेलाला विचारलं, तर तो म्हणाला, "भोंगा आहे ना. आजींसाठी दोनदा वाजवीन."